अशोक कोणता, चाफा कोणता?

औरंगाबादच्या मुकुंदवाडीत कुणालाही विचारा, ‘अशोकाचं झाड कुठं आहे हो?’ तो लगेच हनुवटीनं दाखवील. सिडको एन-२ कडच्या गल्ल्यांत, शाळेच्या कुंपणालगत, मंगल कार्यालयाच्या फाटकाशी ही झाडं रांगेनं उभी असतात. खोड सरळसोट, फांद्या अंगालगत खाली सोडलेल्या, पानं लांब, चकचकीत आणि कडेनं लहरी. हा अशोक, यावर गल्लीत दुमत नसतं. हाच प्रश्न आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला विचारला तर तो म्हणेल, या गल्लीत अशोकाचं एकही झाड नाही. दोघांपैकी कुणीही थापा मारत नाही.

बागेतल्या शोभेच्या झाडांची ओळख नावावरून पटवायला गेलं की हा घोळ पदोपदी होतो. त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांची नावं बिनभरवशाची, शास्त्रीय नाव काय ते सांगा. उत्तर बरोबर आहे, पण उपयोगाचं अर्धंच. रोप आणायला निघालेल्या माणसाच्या हातात बोलीतलं नावच असतं, लॅटिन नाव नसतं. सुरुवात तिथूनच करावी लागते. माझं मत असं की या नावांना चूक ठरवण्याआधी ती कुणाच्या तोंडची आहेत ते पाहावं. वैद्याच्या, फुलवाल्याच्या, रोपवाटिकेच्या, माळ्याच्या की महापालिकेच्या कागदावरची? ते कळलं की झाड निम्मं ओळखलं गेलं.

अशोकाचंच घ्या. रस्त्याकडेचा उंच अशोक सीताफळाच्या कुळातला. त्याचं नाव अनेक वर्षं पॉलिअल्थिया लाँगिफोलिया असं होतं, २०१२ मध्ये ते मोनून लाँगिफोलियम झालं. जाणकार त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात. फुलं फिकट हिरवी, चांदणीच्या आकाराची, इतकी पानांच्या रंगाची की झाड फुललंय हे शेजाऱ्यालाही कळत नाही. फळं पिकून काळीजांभळी होतात, मग कोकिळा आणि वटवाघळं त्यावर तुटून पडतात आणि खाली लावलेल्या गाडीच्या काचेवर त्याची पावती मिळते. कमी जागेत मावतो, भिंतीसारखा उभा राहतो, बंगल्याला आडोसा देतो, म्हणून तो नव्या वसाहतींत गेला.

वैद्याचा अशोक म्हणजे सीता अशोक, साराका असोका. हा शेंगांच्या कुळातला. याचं पान संयुक्त असतं: एका देठावर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. कोवळी पालवी तांबूस आणि इतकी लुळी की झाडाला पाणी कमी पडलंय असं वाटावं. फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर थेट येतात, आधी पिवळसर, मग केशरी, मग लाल. गंमत अशी की या फुलाला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतो तो निदलपुंज, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. सह्याद्रीतल्या ओलसर, सदाहरित रानातलं हे झाड. मराठवाड्याच्या उन्हात ते लावायचं तर सावली आणि पाण्याची सोय पाहूनच लावावं लागतं, म्हणून अंगणात क्वचित दिसतं. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे.

नावाचा हा घोळ बागेपुरता राहिला असता तर हसून सोडून दिला असता. अशोकारिष्टासाठी सीता अशोकाची साल लागते, आणि त्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळली जाते हे वनौषधींच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवलंय. वाळलेली साल पोत्यात भरली की पान, फूल, शेंग काहीच शिल्लक राहत नाही. उरतं फक्त नाव, आणि ते दोन्ही झाडांना चालतं.

चाफ्याची तऱ्हा याहून न्यारी. अशोकात दोनच झाडं आहेत, चाफ्यात अख्खी पंगत बसलीय. सोनचाफा हा मॅग्नोलियाचा भाऊबंद, पिवळा, मोठ्या वृक्षावर येणारा. शास्त्रीय नावातला ‘चंपाका’ हा शब्द आपलाच; लिनियसनं १७५३ साली तो लॅटिनमध्ये नेला. पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा किंवा देवचाफाही म्हणतात, तो प्लुमेरिया, अमेरिकेतून आलेला, कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आकड्यांनी चढणारं झुडूप. त्याचं फूल पानात लपतं आणि पिकल्या फळासारखा वास सुटल्यावरच पत्ता लागतो. भुईचाफा तर झाडच नाही. हळदीच्या कुळातला कंद, पानं यायच्या आधी जमिनीतून थेट फूल काढणारा. कवठी चाफा पुन्हा मॅग्नोलियांत. कनकचंपा म्हणजे मुचकुंद, सुलतान चंपा म्हणजे कोकणातली उंडी.

एवढ्यांना एका नावाखाली का बसवलं असेल? फुलवाल्याच्या आणि पूजा करणाऱ्याच्या नजरेनं पाहा म्हणजे उलगडा होतो. जाड पाकळीचं, सुगंधी, देवाला वाहण्याजोगं, वेणीत माळण्याजोगं फूल म्हणजे चाफा. या नावात झाडाचं कूळ अभिप्रेतच नाही, फुलाचा उपयोग अभिप्रेत आहे. त्या कामासाठी नाव चोख आहे. त्यावरून खड्डा किती खोल खणायचा हे ठरवायला गेलं की मात्र फसगत होते. सोनचाफा भला उंच वाढतो, प्लुमेरिया आटोपशीर राहतो, आणि हिरव्या चाफ्याला टेकायला काहीतरी द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त फसवणारं नाव नागचाफा. जुन्या पुस्तकांतला नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा, श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष. चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ. आजकाल रोपवाटिकेत ‘नागचंपा द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतं ते प्लुमेरिया पुडिका. पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएलाकडचं हे झुडूप. त्याचं पान टोकाकडे रुंद होत नागाच्या फण्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव पडलं. पांढऱ्याशुभ्र फुलांनी वर्षातले कितीतरी महिने लगडलेलं असतं, पाणी कमी लागतं, कुंडीतही येतं. मराठवाड्यातल्या बंगलेवाल्याला आणखी काय हवं? त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुस्तकात नागचाफ्याचे गुण वाचून याची मुळी उगाळायला कुणी बसू नये.

त्यात भर म्हणून नागलिंग. दक्षिणेतल्या देवळांत हे नाव चालतं, आपल्याकडे कैलासपती म्हणतात. हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, ब्राझील नटच्या कुळातलं. फुलं खोडावरच येतात, फुलातल्या पुंकेसरांचा फणा खालच्या पिंडीवर झुकलेला दिसतो, आणि फळ तोफेच्या गोळ्याएवढं. नागचाफा आणि नागलिंग यांत ‘नाग’ सोडला तर काहीही सारखं नाही.

चाफ्यांची पहिली चाळणी सोपी आहे. पानाचं देठ मोडून पाहा. दुधासारखा पांढरा चीक भळकन आला तर तो प्लुमेरिया, मग फूल पांढरं असो, लाल असो की फण्याच्या पानाचं असो. सोनचाफ्याला, हिरव्या चाफ्याला, कवठी चाफ्याला असा पांढरा चीक नाही. हात मात्र नंतर धुवा. हा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो.

मोहरांचं प्रकरण त्यामानानं सरळ आहे, कारण तिथं रंगच नावात आलाय. गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर. मे महिन्यात कुणी चुकत नाही. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. अडचण फुलं नसतानाची, म्हणजे वर्षातल्या बहुतेक दिवसांची. तिन्ही झाडांची पानं पिसासारखी, दुहेरी विभागलेली, दुरून एकसारखी. जवळ जाऊन फांदी वाकवा. पानं समोरासमोर जोडीनं आलेली असतील तर नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा. एकाआड एक असतील तर बाकीच्या दोघांपैकी एक. आता शेंग शोधा, ती झाडावर नाहीतर बुडाशी हमखास सापडते. हातभर लांब, लाकडासारखी, तलवारीच्या म्यानासारखी काळी शेंग असेल तर मादागास्करचा गुलमोहर. बोटाएवढी, चपटी, तांब्याच्या रंगाची, कडेला पंख असलेली असेल तर सोनमोहर, म्हणजे पेल्टोफोरम. याच शेंगेवरून त्याला ताम्रशिंबी म्हणतात, आणि ओळख पटवण्यासाठी हे नाव ‘पिवळा गुलमोहर’पेक्षा कितीतरी सरस आहे. नीलमोहराची शेंग या दोन्हींसारखी नसते; गोल, चपटी, डबीसारखी, वाळली की दोन झाकणांत उघडणारी. ‘छोटा गुलमोहर’ म्हणून कुंपणाला लावतात तो शंकासुर, वेगळंच झुडूप.

या शहरात नावांचा आणखी एक थर आहे. बागकामाची भाषा इथं बरीचशी दखनी. मलिक अंबरच्या खडकीपासून मोगलांच्या औरंगाबादेपर्यंत आणि पुढं निजामापर्यंत इथल्या बागा त्याच वळणाच्या. हिमायत बागेचं नावही त्या काळातलं. आता तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. त्यामुळे मराठी घरातली बाई बकुळ म्हणते, माळी मौलसरी म्हणतो. ती पारिजातक म्हणते, तो हारसिंगार. तिचा पांढरा चाफा त्याच्याकडे गुलचीन होतो. इथं घोळ नाही, उलट सोय आहे. नावं दोन असली तरी झाड एकच राहतं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नाव ठाऊक असतं. गुलचीन म्हटल्यावर चाफ्यातले बाकीचे आपोआप गळतात, त्यामुळे रोपवाटिकेत हा शब्द ‘चाफा’पेक्षा जास्त कामाचा. पारिजातकाबाबत मात्र उत्तरेकडे जाताना जपून. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूरला जो पारिजात वृक्ष पुजला जातो तो गोरखचिंचेचा, आफ्रिकेतल्या बाओबाबचा, आणि त्याच जातीचं एक अवाढव्य झाड हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात आहे.

रोपवाटिकेची इंग्रजी नावं हा तिसरा थर. त्यातला ‘बॉटल पाम’ सर्वांत बेभरवशाचा. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा, बुटका, बुडाशी फुगलेला, जेमतेम चार-सहा पानांचा. त्याच नावानं विकला जाणारा रॉयल पाम वीज खात्याच्या तारांपर्यंत जातो आणि एक दिवस भलंमोठं पान खालच्या स्कूटरवर टाकतो. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात तो अरॉकारिया. नॉरफोक पाइन सांगून कुक पाइन देणं जगभर चालतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कुक पाइन विषुववृत्ताच्या दिशेनं कलतो. तेव्हा आपल्याकडचा ख्रिसमस ट्री दक्षिणेला झुकलेला दिसला तर बांबूचा टेकू लावण्यापूर्वी त्याचं नाव पुन्हा तपासा.

आता पुस्तकांकडे. पश्चिम महाराष्ट्राला या बाबतीत जुनं भाग्य लाभलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला, त्यात स्थानिक नावंही दिली. पण इलाख्याची हद्द संपली तिथं ग्रंथही थांबला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या वनस्पतींची तेवढी तपशीलवार नोंद व्हायला १९९८ उजाडलं. प्रा. वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ तेव्हा याच शहरातून दोन खंडांत आला. अभ्यासकाला तो अटळ आहे. घरगुती वाचकाला मात्र मी मराठी विश्वकोश सुचवीन. त्यातल्या वनस्पतींच्या नोंदी सुरुवातीलाच हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन अशी नावं एका दमात देतात. माळ्याचं नाव, वैद्याचं नाव आणि शास्त्रज्ञाचं नाव शेजारी शेजारी पाहायला मिळतं, आणि ते आता संगणकावर फुकट आहे.

मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स वाईट नाहीत. फुलाचा स्वच्छ फोटो असेल आणि झाड जगभर लावलं जाणारं असेल तर ती पटकन उत्तर देतात. गुलमोहर, जॅकरांडा, प्लुमेरिया यांत सहसा चुकणार नाहीत. नुसत्या पानाच्या फोटोवर, तेही धूळ बसलेल्या, आपटा की कांचन हे विचारलं तर दिलेल्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नये. आणि एक गोष्ट अ‍ॅपला कधीच कळत नाही: झाडाखाली राहणारी माणसं त्याला काय म्हणतात.

लॅटिन नावही काही दगडावरची रेघ नाही. मोनूनचं वर सांगितलंच. सोनचाफा मिचेलियाचा मॅग्नोलिया झाला, काशिद कॅशियाचा सेना झाला. सीता अशोकाला विल्यम रॉक्सबर्गनं आधी जोन्सिया असोका म्हटलं होतं, संस्कृत पंडित विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ. पुढं जोन्सिया गेला, साराका आला, आपला ‘असोका’ मात्र राहिला. फरक एवढाच की शास्त्रीय नाव बदललं तरी जुन्याची नोंद नव्याला जोडलेली राहते. मागचा माग काढता येतो. ‘नागचंपा’चा माग कुठंच ठेवलेला नसतो.

नावाची चूक कुठं महागात पडते ते पाहिलं तर बहुतेक ठिकाणं सणाची नाहीतर पोटात जाण्याची. दसऱ्याला गुलमंडीपासून कर्णपुऱ्याच्या जत्रेपर्यंत जे सोनं विकायला येतं त्यात आपट्याच्या जोडीला कांचनाची पानंही असतात. आपट्याचं पान लहान, जाड, करडट, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं तळहाताएवढं, पातळ. दोन्ही एकाच कुळातली, एकाच प्रजातीतली. कुणाला विष बाधत नाही, फक्त चुकीचं झाड ओरबाडलं जातं. पाडव्याला कडुनिंबाऐवजी बकाण निंबाची पानं आणणं मात्र बरं नव्हे. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, बकाणाचं दोन-तीनदा, फुलं फिकट जांभळी, आणि पिवळ्या फळांचे घोस पानं गळाल्यावरही लटकत राहतात. ती फळं विषारी असतात. त्याहून वाईट पिवळी कण्हेर. तिच्या बियांना मुलं बिट्ट्या म्हणतात आणि त्यांनी खेळतात. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत जास्त, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. शाळेच्या कुंपणाला ‘पिवळं फूल, पाणी नको, गुरं खात नाहीत’ म्हणून ती लावणाऱ्यांनी गुरं का खात नाहीत याचा एकदा विचार करावा. बी गिळलं गेल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावं आणि फांदी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नाव विचारत बसावं लागणार नाही.

कायद्याच्या कागदावरही नाव लागतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांचं संरक्षण १९७५ च्या अधिनियमानं होतं. तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं. अर्जात ‘एक अशोक’ एवढंच लिहिलं तर कागद वाचणाऱ्याला काय कळणार? रस्त्यालगत हजारोंनी असलेला, की अंगणात कुणीतरी पाणी घालून जगवलेला दुर्मीळ? उलटही होतं. गुजरातनं २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी घातली, पण त्या झाडाला लोकांत धड नावच नव्हतं. बिनानावाचं झाड कुणी ओळखत नाही, त्यामुळे त्याची तक्रारही उशिरा होते.

तेव्हा नुसतं नाव घेऊन कुणी विचारायला आलं तर उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. हे नाव कुणाकडून ऐकलं, चीक येतो का, पान साधं की पर्णिकांचं, आणि शेंग येते की फळ. फुलाचा रंग शेवटी विचारावा, कारण तो सांगायला लोक स्वतःहून उत्सुक असतात आणि त्यानंच जास्त चुका होतात. एवढ्यावर बागेतली बहुतेक झाडं कुळापर्यंत तरी ओळखता येतात. पुढं पुस्तक आहे, किंवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे.

सिडकोतल्या बागांमध्ये आणि कॉलनीच्या रस्त्यांवर पाट्या लावायच्या झाल्या तर त्यावर तिन्ही नावं लिहावीत: मराठी, दखनी आणि लॅटिन. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे. आणि रोप विकत घेणाऱ्यांसाठी एकच सांगणं: यंदा पावसाळ्यात रोपवाटिकेत जाल तेव्हा पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा. विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर फूल आल्यावर पुन्हा जा आणि तेव्हा रोप घ्या.